तोंड गोड न केलेला बॉयलर

ल्यूबेनने सासूचा बॉयलर फोडला, तो अगदी भूगोलाच्या मास्तराला शोभेल अशा रीतीने फोडला. पृथ्वीच्या पोटात लाव्हारस किती अंशांवर खदखदतो हे त्याला तोंडपाठ होतं. सासूच्या तळघरातल्या लोखंडी पोटात पाणी आहे की नाही, एवढं बघायचं मात्र राहून गेलं.

त्याचं झालं असं, की घराची डागडुजी काढली होती. बायको स्विलेना व्हिएन्नाच्या इस्पितळात नर्स होती आणि वसंतात कायमची घरी यायची होती. तोवर नव्या खिडक्या, नवं न्हाणीघर, नवा गिलावा असं सगळं उरकायचं, आणि उरकून घ्यायचं ल्यूबेनने. त्यासाठी त्याने प्लोवदिवची शाळा सोडून सासुरवाडीच्या डोंगरातल्या शाळेत बदली मागून घेतली होती. गिलाव्यासाठी भिंतीवरचे, खोल्या तापवणारे रेडिएटर उतरवले, म्हणून नळ्यांतलं सगळं पाणी सोडून दिलं. गिलावा झाला, रेडिएटर परत टांगले. ऑक्टोबर लागला होता, हवेत बोचरा गारठा होता. सासूबाईंना ऊब देऊन चकित करावं म्हणून त्याने तळघरात जाऊन बॉयलरमध्ये बीचच्या झाडाची सुकी लाकडं कोंबली आणि पेटवून दिली.

हा बॉयलर म्हणजे न्हाणीघरातल्या बंबाचा थोरला भाऊ. बिडाचा, माणसाच्या छातीएवढा, सगळ्या घराला गरम पाणी फिरवणारा. अर्धा तास झाला तरी रेडिएटर थंड ते थंडच. ल्यूबेन खाली गेला, हात पुढे केला आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला. मग त्याच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला, की अरे, पाणी! आणि त्याने कॉक पुरता उघडला.

डोंगरातल्या झऱ्याचं बर्फासारखं पाणी तापलेल्या कोरड्या बिडावर पडलं. काडकन आवाज झाला आणि तळघर वाफेने भरून गेलं.

वेलिका तेव्हा अंगणात लांब लाल मिरच्या भाजत बसली होती. तिने हातातली मिरची शेवटपर्यंत सोलली, ढिगावर ठेवली, ॲप्रनला हात पुसले आणि वाफेतून खोकत बाहेर आलेल्या जावयाला शांतपणे विचारलं, "मागचा भागच गेला ना?"

"मायको, तुम्हाला इथून कसं कळलं?" सासूला तो मायकोच म्हणायचा, आई.

"पुढचा गेला असता तर भांडं पडल्यासारखा आवाज आला असता. हा हाड मोडल्यासारखा आला."

एवढं बोलून ती केरसुणी आणायला गेली. ती ओरडली असती तर ल्यूबेनला बरं वाटलं असतं. चार शिव्या खाल्ल्या की माणूस हिशेब मिटल्यासारखा जेवायला तरी बसतो. पण वेलिकाने चिखल झालेली राख भरली, बॉयलरच्या अंगावरून, मेलेल्या बैलाच्या पाठीवरून फिरवावा तसा हात फिरवला, आणि मिरच्यांकडे परत गेली.

आवाजावरून दुखणं ओळखायची विद्या तिला फुकट मिळाली नव्हती. गावाच्या वरच्या अंगाला, पाइनच्या झाडीत, फुफ्फुसाच्या रोग्यांचं सॅनेटोरियम होतं. तिथल्या बॉयलरघरात तिचा नवरा मेतोदी आग सांभाळायचा. एका हिवाळ्यात बर्फावरून घसरून त्याचा हात मोडला, तेव्हा आठवडाभर त्याच्या जागी म्हणून चोवीस वर्षांची वेलिका फावडं घेऊन उभी राहिली. आठवडा संपला, हात जुळला, पण वेलिका काही फावडं परत देईना. व्यवस्थापक म्हणाले, बायकांचं काम नाही हे. ती म्हणाली, बॉयलरला विचारा. त्यांनी तिला परीक्षेला बसवलं, नापास होईल या भरवशावर. परीक्षक सोफियाहून आले होते. त्यांनी विचारलं, पाण्याची पातळी दाखवणारी काच फुटली तर पाणी कमी झालंय हे कशावरून ओळखाल? वेलिका म्हणाली, "काच कशाला हवी? तहानलेलं वासरू काच दाखवून हंबरतं का?" परीक्षकांनी दुसरा प्रश्न विचारलाच नाही. मेतोदीला बागेचं काम मिळालं आणि तो त्यातच सुखी झाला. वेलिका पुढची एकतीस वर्षं, सॅनेटोरियमला टाळं लागेपर्यंत, आग सांभाळत राहिली. तिचा तो परवाना, फोटो डकवलेली करडी पुस्तिका, अजूनही स्वयंपाकघराच्या कपाटात मिठाच्या बरणीमागे आहे. लग्नाचा फोटो कुठे आहे ते तिला नक्की आठवत नाही.

सॅनेटोरियमला दोन इमारती होत्या. नवीत पाणी पंपाने फिरायचं. जुनीत नळ्या मनगटाएवढ्या जाड होत्या आणि अशा उताराने बसवलेल्या होत्या, की गरम पाणी आपल्या पायांनी वर चढायचं आणि गार झालं की आपल्या पायांनी खाली यायचं. एका फेब्रुवारीत बर्फाने विजेच्या तारा तोडल्या आणि तीन दिवस रस्ता बंद राहिला. पंप मेला. वेलिकाने डॉक्टरांना निरोप धाडला, की सगळे रोगी जुन्या इमारतीत आणा, जिन्यात झोपवा, चुलीत झोपवा, पण आणा. तीन दिवस ती आगीपुढून हलली नाही आणि एकही रोगी गारठला नाही. त्यानंतर मेतोदीने स्वतःचं घर बांधलं तेव्हा वेलिकाने त्याला बजावलं, नळ्या जुन्या इमारतीसारख्या. दोघांनी मिळून त्या बसवल्या. तिने उतार धरला, त्याने जोड मारले. त्या गोष्टीला चाळीस वर्षं झाली. मेतोदी जाऊन आठ झाली. नळीचा एक जोडही गळला नाही.

हे सगळं ल्यूबेनला ठाऊक होतं. लग्नातच ऐकवलं होतं त्याला. पण माणसाला ठाऊक असणं वेगळं आणि ऐन वेळी आठवणं वेगळं.

त्याने व्हिएन्नाला फोन लावून गुन्हा कबूल केला. स्विलेनाने त्याला रागावायला अर्धं मिनिट घेतलं आणि उरलेल्या वेळात नवा बॉयलर ठरवून टाकला. तिच्या वॉर्डातल्या एका डॉक्टरीणबाईंच्या आईकडे होता तसा. भुशाच्या गोळ्यांवर चालणारा. टाकी भरून ठेवायची, तो आपला आपण गोळ्या गिळतो, आपला आपण पेटतो, आपला आपण विझतो. वर फोनवर दिसतो. व्हिएन्नात बसून आईच्या घरातली ऊब वाढवता येते, कमी करता येते, आईने आज पेटवलाय की नाही तेही कळतं. आई बहात्तरची झाली, लाकडं घेऊन तळघराच्या पायऱ्या उतरते, एक दिवस पडेल. यात चूक काहीच नव्हतं. ल्यूबेनलाही एक शब्द खोडता आला नाही. एवढंच वाटलं, की मायकोला विचारायला हवं. स्विलेना म्हणाली, विचारलंस तर ती नाही म्हणेल. तेही खोडता आलं नाही.

म्हणून त्याने विचारलं नाही. हा त्याचा दुसरा गुन्हा, आणि पहिल्याहून मोठा. पहिल्यात नुसतं बीड फुटलं होतं.

पाच दिवसांनी ट्रक आला आणि अंगणात माणसाच्या उंचीचं खोकं उतरवून गेला. आता आमच्या डोंगरात कुणाच्या दारात नवी वस्तू उतरली, की ती सगळ्या गल्लीची होते. गाडी असो, कपडे धुण्याचं यंत्र असो, नाहीतर नवी चप्पल असो, ज्याने घेतली त्याने तोंड गोड करायचं, लोकमच्या मऊ गोड वड्या फिरवायच्या, राकियाचे, म्हणजे फळांच्या दारूचे, घोट द्यायचे आणि लोकांनी म्हणायचं, "आरोग्याने वापर." याला पोचेरपका म्हणतात. ही झाल्याशिवाय वस्तू घरची होत नाही, आणि घरची न झालेली वस्तू टिकत नाही, असं आमच्याकडे देवळात जाणारेही मानतात आणि न जाणारे जरा जास्तच मानतात.

ट्रकचा आवाज ऐकून शेजारीपाजारी फाटकाशी जमले. सगळ्यांत पुढे नेदा होती, समोरच्या घरातली, जी लोकमच्या वासावर दोन गल्ल्यांतून येते. ती म्हणाली, "लेल्या वेलिका, तोंड गोड कर बघू." लेल्या म्हणजे मावशी.

वेलिकाने खोक्याकडे पाहिलं. जावयाकडे पाहिलं. जावई नव्या खिडकीच्या बिजागरीत काहीतरी शोधत होता.

"मी काही घेतलेलं नाही," वेलिका म्हणाली. "ज्याने घेतलंय त्याच्याकडे मागा." आणि आत जाऊन तिने दार लावून घेतलं. आपटलं नाही, नुसतं लावलं. गल्लीला ते आपटल्यापेक्षा मोठ्याने ऐकू आलं.

दुसऱ्या दिवशी बॉयलर बसवायला प्रोदान मिस्त्री आला. प्रोदान कामात वाकबगार, पण मिस्त्री लोकांची एक रीत आहे, ती त्यानेही मोडली नाही. कुठलाही मिस्त्री कुठल्याही घरात शिरला, की आधी आधीच्या मिस्त्रीचं काम बघतो, जीभ टाळूला लावून च्यक च्यक करतो आणि विचारतो, हे कुठल्या गाढवाने केलंय. हा प्रश्न विचारल्याशिवाय त्याचा हात पान्याला लागत नाही. प्रोदान तळघरात उतरला, जाड नळ्यांवर टॉर्च मारला, च्यक च्यक केलं आणि म्हणाला, "हे काय लावलंय? या नळ्या की तोफा? कुठल्या गाढवाने केलंय हे?"

मागे पायरीवर वेलिका उभी होती.

"एक गाढव मेलं," ती म्हणाली. "दुसरं मी."

प्रोदानने टोपी काढली. मग जरा वेळाने परत घातली, कारण तळघरात गारठा होता. त्याने चाचरत सांगितलं, की लेल्या, काम मजबूत आहे, प्रश्नच नाही, पण नव्या यंत्राला ह्या चालणार नाहीत, त्याला बारीक नळ्या लागतात, प्लास्टिकच्या, आणि पंप. ह्या कापून काढाव्या लागतील. वेलिकाने विचारलं, वीज गेली की काय होतं? यंत्र थांबतं, तो म्हणाला. एवढं ऐकून ती वर गेली. प्रोदानने ल्यूबेनला बाजूला घेऊन हळूच विचारलं, पोचेरपका झाली का? नाही झाली? मग आपल्याला जमणार नाही. कोरड्या तोंडाने बसवलेल्या यंत्रापायी त्याला एकदा एका घरी अकरा वेळा हेलपाटे पडले होते. तोंड गोड झालं की बोलवा, तो म्हणाला, आणि पान्यांची पेटी उचलून निघून गेला.

असं खोकं अंगणात राहिलं. वर ताडपत्री टाकली. नेदाची मांजर त्यावर बसू लागली. घरात ऊब होती ती फक्त स्वयंपाकघरातल्या चुलीची. वेलिका चुलीपाशी बसून लोकरीचे पायमोजे विणायची. वरच्या खोलीत ल्यूबेन कानटोपी घालून पोरांच्या वह्या तपासायचा आणि बोटं आखडल्यामुळे त्याचे सगळे शेरे एकसारखे यायचे. फोनवर स्विलेना रोज विचारायची, बसवला का? एक दिवस वेलिकाने त्याच्या हातातून फोन घेतला. मायलेकींचं बोलणं ल्यूबेनला एका बाजूनेच ऐकू येत होतं, पण तेवढं पुरलं.

"पडले तर उठेन," वेलिका म्हणत होती. "नाही उठले, तर तुझा तो फोनमधला बॉयलर उचलणार आहे का मला? ... नाही, नाही, तू ऐक. मी पेटवलं की नाही हे बघायचं असेल तर घरी ये आणि बघ. मी चारशे माणसांची आग सांभाळलीय. स्वतःच्या घरात मला कुणी दुसऱ्या देशातून पेटवून द्यायची गरज नाही. ... वाईट वाटून घे खुशाल. मलाही वाटलंय."

फोन परत देताना ती त्याच्याकडे बघून म्हणाली, "झेत्को, तू तरी विचारायला हवं होतंस." झेत्को म्हणजे जावई, पण ती हा शब्द एरवी लाडाने म्हणायची. या वेळी नुसतं नातं उरलं होतं.

त्या रविवारी ल्यूबेनला वाटलं, आपणच कोंडी फोडू. त्याने गुलाबाच्या लोकमचे तीन डबे आणले, राकियाची बाटली आणली, अंगणात टेबल मांडलं, ताडपत्री काढली, मांजर हुसकली आणि गल्लीला बोलावणं धाडलं. सगळे आले. प्रोदान मिस्त्रीही आला, दाढी करून. नेदा पहिली टेबलाशी पोचली. तिने हात पुढे केला, लोकमच्या वडीवरची पिठीसाखर पाहिली, मग वेलिकाच्या लावलेल्या दाराकडे पाहिलं आणि हात मागे घेतला.

"घे ना," ल्यूबेन म्हणाला.

"पोट बिघडलंय," नेदा म्हणाली. नेदाचं पोट जन्मात बिघडलं नव्हतं.

मग एकेकाची काही ना काही अडचण निघाली. एकाला गाडी चालवायची होती, त्याचं घर फाटकापासून चाळीस पावलांवर होतं. एकीचा दात दुखत होता. प्रोदानने पेला उचलला, नाकाशी नेला आणि परत ठेवला. त्याला राकिया खाली ठेवताना गावाने प्रथमच पाहिलं. अर्ध्या तासात अंगण रिकामं झालं. तीन डबे जसेच्या तसे होते. मांजर परत खोक्यावर येऊन बसली, म्हणजे निकाल लागला.

ल्यूबेन बराच वेळ त्या टेबलाशी उभा होता. चाळीस वर्षांपूर्वी नळ्यांचा उतार धरणारे ते हात आठवले त्याला. आपण बॉयलर फोडला तेव्हा या बाईने रागाचा एक शब्द उच्चारला नाही, आणि आपण तिला एक शब्द विचारला नाही. त्याने व्हिएन्नाला फोन लावला आणि लग्नानंतर बहुधा पहिल्यांदाच बायकोला सांगितलं, की हे खोकं परत जाईल. स्विलेना म्हणाली, "तिने निवडलेला पेटला की फोटो पाठव. आणि पायऱ्यांचं काहीतरी कर." यापुढे वाद नव्हता.

खोकं न उघडलेलं होतं, दुकानदाराने परत घेतलं. मंगळवारी ल्यूबेन सासूला घेऊन जिल्ह्याच्या गावी त्याच दुकानात गेला. वेलिकाने ठेवणीतला कोट घातला होता आणि पिशवीत ती करडी पुस्तिका घेतली होती, का ते तिने सांगितलं नाही. विक्रेता पोरगेलासा, कोटटायवाला होता. तो त्यांना एकेका चकचकीत यंत्रापाशी नेऊ लागला. वेलिका प्रत्येकाचं दार उघडायची, आत डोकं घालायची, खांद्यापर्यंत हात घालून चाचपायची आणि मधल्या बोटाच्या पेराने ठोकून कान द्यायची. कलिंगड घेताना करतात तसं. मग एकच प्रश्न विचारायची.

"वीज गेली की?"

विक्रेता म्हणाला, बॅटरी जोडता येते. बॅटरी संपली की? जनरेटर असतो, तो म्हणाला. त्याचं पेट्रोल आणायचं कुठून? पंपावरून. रस्ता बर्फाने बंद असतो तेव्हा? विक्रेत्याने ल्यूबेनकडे पाहिलं. ल्यूबेनने छताकडे पाहिलं. आता तोही शहाणा झाला होता.

अगदी मागे, झाडूच्या शेजारी, एक बुटका बिडाचा बॉयलर उभा होता. ना पडदा, ना बटण, ना दिवा. एक दार लाकडाला, एक राखेला, एक काटा ऊब दाखवायला. मागच्या बाजूला नळ्यांची तोंडं मनगटाएवढी. वेलिकाने त्याला ठोकलं, कान दिला आणि पुन्हा ठोकलं.

"तो नको, आजी," विक्रेता म्हणाला. "तो खेड्यातल्या म्हाताऱ्यांसाठी ठेवलाय."

"मग माझ्याच मापाचा आहे," वेलिका म्हणाली.

त्याने समजुतीच्या सुरात सांगायला सुरुवात केली, की याला कुणीतरी सतत सांभाळावं लागतं, ते सगळ्यांना जमत नाही. तेव्हा वेलिकाने पिशवीतून पुस्तिका काढली आणि उघडून त्याच्यापुढे धरली. फोटोतली चोवीस वर्षांची पोरगी त्याच्याकडे तशीच बघत होती. विक्रेत्याने पुस्तिका वाचली, शिक्का पाहिला, आणि त्यानंतर तो तिला आजी म्हणाला नाही. बाई म्हणाला.

प्रोदान मिस्त्रीने दोन दिवसांत बॉयलर बसवला. जाड नळीचा एकही इंच कापला नाही. जोड मारताना तो एकदा सवयीने च्यक करणार होता, पण वेलिका पायरीवर बसलेली होती, म्हणून त्याने ते खोकल्यात जिरवलं. पायऱ्यांचं मात्र ल्यूबेनने खरंच केलं. तळघराच्या खिडकीतून त्याने फळ्यांची घसरगुंडी बसवली, लाकूड अंगणातून सोडलं की थेट बॉयलरच्या पायाशी. पहिली फळी उलटी लागली आणि ओंडका परत त्याच्याच नडगीवर आला. वेलिका हसली. कित्येक आठवड्यांत पहिल्यांदा.

शनिवारी वेलिकाने स्वतःच्या हाताने तोंड गोड केलं. लोकम, घरची राकिया, आणि त्या दिवशी सोललेल्या मिरच्यांची चटणी पावावर. दार सताड उघडं होतं. नेदाचं पोट पूर्ण बरं झालं होतं, तिने सहा वड्या मोजून घेतल्या. ज्याची गाडी होती त्याने ती घरी ठेवली. प्रोदानने पेला खाली ठेवला तो रिकामा झाल्यावरच. आरोग्याने वापर, लेल्या, आरोग्याने वापर, म्हणत सगळी गल्ली तळघरात उतरली आणि बुटक्या बॉयलरभोवती बारशाला जमल्यासारखी उभी राहिली.

लाकडं आत रचलेली होती. वेलिकाने काडेपेटी काढली. ल्यूबेनच्या हातात व्हिएन्नाला पाठवायच्या फोटोसाठी फोन होता. तो त्याने खिशात टाकला, घसा साफ केला आणि सगळ्यांदेखत, पोरांच्यात शेवटच्या बाकावर बसणाऱ्याने विचारावं तसं विचारलं, "मायको, पहिली काडी मी लावू का?"

वेलिकाने काडेपेटी त्याच्या हातात दिली, आणि म्हणाली, "आधी पाणी बघून ये."